शेतसाऱ्याची पावती

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज मी एका पावतीविषयी बोलणार आहे. शेतसाऱ्याची पावती. रायगड जिल्ह्याच्या डोंगराकडच्या अंगाला असलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत ही पावती घरोघरी असते. कुणी ती सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतं, कुणी देवघराच्या फळीवर, तर कुणाच्या घरी ती तांदळाच्या डब्याखाली सापडते. मी महसूल खात्यात नोकरी केली आणि त्यातली बरीचशी वर्षं तलाठी म्हणून काढली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून जुनंच नाव चालतं. अशा पावत्या मी किती फाडल्या असतील याचा हिशेब नाही.

एकदा मुंबईचे एक गृहस्थ चावडीवर आले. नेरळच्या बाजूला त्यांनी दोन एकर जमीन घेतली होती. सारा भरायचा म्हणून त्यांनी पाकिटातून मोठी नोट काढली. सारा आणि उपकर मिळून झालेली रक्कम मी सांगितली तेव्हा ते हसत सुटले. म्हणाले, "अहो, एवढ्यात कर्जत स्टेशनवर दोघांचे वडापावसुद्धा होत नाहीत! हा कर गोळा करायला सरकारला परवडतं तरी कसं?"

प्रश्न गमतीचा होता, पण चुकीचा नव्हता. जमिनीचा बाजारभाव आकाशाला भिडलेला आणि सारा मात्र आजोबांच्या काळातला, हे कसं? त्याचं उत्तर नीट समजलं, तर शेतजमीन कशाला म्हणायचं आणि कुणाच्या जिवावर म्हणायचं, हेही समजतं.

साऱ्याची ही पद्धत इंग्रजी अमदानीत बसली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी करून नव्या आकारणीचा पाया घातला. पुढे तीच रीत मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. जमिनीचा कस आण्यांत ठरवायचा. माती किती खोल, पाणी किती धरते, जवळ बाजार आहे का, हे सगळं पाहायचं आणि त्यावरून सारा बसवायचा. आमच्याकडे भाताच्या खाचराला एक दर, डोंगरउताराच्या वरकस जमिनीला त्याहून पुष्कळ कमी. खडक, ओहोळ, वाट यांचा भाग पोटखराबा म्हणून वेगळा काढायचा आणि त्याला आकार लावायचा नाही. सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून रुपये आणि पैशांत जो आकडा दिसतो, तो या हिशेबातून आलेला आहे.

यातली मुख्य गोष्ट अशी, की हा आकडा जमीन किती रुपयांना विकली जाईल यावर ठरलेला नाही. ती काय पिकवू शकेल यावर ठरलेला आहे. द्रुतगती महामार्ग झाला, लोकलच्या गाड्या वाढल्या, डोंगराच्या पायथ्याला बंगले उभे राहिले आणि एकराचा भाव कुठच्या कुठे गेला. पण खाचराला त्याचं काय? त्यात पूर्वीही भात पिकत होतं आणि आजही भातच पिकतं. बाजारभावावर कर लावला असता, तर चार खंडी भात पिकवणाऱ्याला कर भरण्यासाठी शेतच विकावं लागलं असतं. लहान सारा म्हणजे सरकारचा विसराळूपणा नव्हे. जो कसतो त्याला जमीन धरून ठेवता यावी, ही त्यामागची सोय आहे.

म्हणूनच ही सोय वापराला चिकटलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. जमीन कोणत्या कामासाठी वापरली जाते, शेतीसाठी, राहण्यासाठी, व्यापारासाठी की कारखान्यासाठी, त्यावर आकारणी ठरावी हे तत्त्व त्या संहितेत आहे. शेतीचा वापर सोडून दुसरा वापर सुरू झाला की जमीन बिनशेती झाली. बिनशेतीची आकारणी आजूबाजूच्या जमिनीच्या किमतीशी नातं ठेवून ठरत आली. परवानगी न घेता वापर बदलला तर दंडाची तरतूदही संहितेत केलेली होती. २०१४ पासून पुढच्या दहा-अकरा वर्षांत या कलमांत वारंवार दुरुस्त्या झाल्या आणि वेगळ्या परवानगीचे हेलपाटे कमी करण्याकडे त्यांचा रोख राहिला. त्यामुळे कुणी दहा वर्षांपूर्वीचा अनुभव सांगितला तर त्यावर विसंबू नये, आजचा नियम तहसील कार्यालयातच विचारून घ्यावा.

आता शेती म्हणजे नक्की काय? कुळकायद्याची, म्हणजे १९४८ च्या कायद्याची व्याख्या आपल्या भागाला फार जवळची आहे. पीक काढणं आणि बागायत हे त्यात आहेच, पण गवत वाढवणं आहे, शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत गुरं चारणं आहे आणि राबासाठी जमीन वापरणंही आहे. राब म्हणजे काय ते शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. भाताचं रोप करण्याआधी त्या जागेवर झाडांचे टहाळे, पालापाचोळा, शेण पसरून जाळतात. हा टहाळ ज्या माळरानातून येतो ती वरकस जमीन. बाहेरच्याला ती ओसाड वाटते. पण तिच्यावाचून खालच्या खाचराचं रोप उभं राहत नाही, म्हणून कायद्याने तिलाही शेतीतच धरलं. मात्र नुसती लाकूडतोड केली, तर ती शेती नव्हे, असंही तिथेच सांगितलं आहे.

आयकराच्या बाजूने पाहिलं तर कसोटी आणखी कडक आहे. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच एक तत्त्व सांगून ठेवलं आहे. जमिनीवर माणसाने मूळची मेहनत केली पाहिजे. नांगरणी, पेरणी, लावणी अशी कामं झाली पाहिजेत. आपोआप उगवलेलं नुसतं कापून विकलं, तर ती शेती होत नाही. मग फार्महाऊस शनिवार-रविवार भाड्याने देऊन मिळालेले पैसे शेतीचे कसे होतील? आवारात वीस आंब्याची झाडं असली म्हणून खोल्यांचं भाडं आंब्याचं होत नाही.

दुसरा निकाल १९९३ चा. सुरतेतली एक जमीन. दप्तरी ती शेतजमीन होती, तिचा साराही भरलेला होता. पण विकण्याआधी काही वर्षं कसणूक बंद पडली होती आणि जमीन गेली गृहनिर्माण संस्थेकडे. ती शेतजमीन धरायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. दप्तरातली नोंद हा पुरावा आहे, पण तो खोडून काढता येतो, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे पावत्यांची जाडजूड फाईल असूनही जमीन शेताची ठरली नाही, कारण शेतात कुणी उतरलंच नव्हतं.

जमीन विकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण ग्रामीण कुठली याची रेषा आखलेली आहे. दहा हजारांपेक्षा जास्त आणि एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेची हद्द संपल्यावर सरळ रेषेत दोन किलोमीटरपर्यंतची जमीन ग्रामीण धरत नाहीत. कर्जत आणि खोपोली या दोन्ही नगरपरिषदा २०११ च्या जनगणनेप्रमाणे याच गटात बसतात. म्हणजे या दोन गावांच्या हद्दीत आणि हद्दीला लागून ज्यांची खाचरं आहेत, त्यांनी व्यवहाराआधी सल्ला घ्यावा. सातबाऱ्यावर भात असलं तरी इथे लोकसंख्या आणि अंतर पाहिलं जातं.

आता फार्महाऊसविषयी. या शब्दाने आमच्या तालुक्यांत फार घोळ घातला आहे. संहितेत शब्द आहे शेतीसाठीची इमारत. धान्याची कोठी, गुरांचा गोठा, औजारांची खोली, शेतकऱ्याची आणि गड्याची राहण्याची जागा. म्हणजे शेतीला लागणारं घर. महानगराच्या आसपासच्या पट्ट्यात यावर मर्यादा घातल्या गेल्या. ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण एक एकरापेक्षा, लहान धारणेवर अशी परवानगी नाही. मोठ्या धारणेवर सगळ्या इमारतींचं मिळून जोतं जमिनीच्या विसाव्या हिश्शापेक्षा किंवा ४०० चौरस मीटरपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, मोठं असू नये. राहण्याच्या भागाला आणखी वेगळी मर्यादा. या सगळ्यात पोहण्याचा तलाव आणि लग्नाचं लॉन कुठे बसतं, ते ज्याचं त्याने पाहावं.

ते मुंबईचे गृहस्थ पुढे ओळखीचे झाले. एकदा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती दाखवून म्हणाले, "काका, घरपट्टी भरतोय. आता घर कायदेशीर झालं ना?" मी म्हटलं, "साहेब, घरपट्टी घर आहे म्हणून लागते. ते परवानगीने आहे की नाही, हे ती पावती सांगत नाही." त्यांचा चेहरा उतरला. पण माणूस सरळ होता. त्यांनी कागद नीट करायला घेतले, आणि जी दीड एकर जमीन पड होती ती शेजारच्या कुटुंबाच्या मदतीने भाताखाली आणली. पावसाळ्यानंतर ओलाव्यावर वालही केले. पुढच्या वर्षी वालाची गोणी घेऊन ते मला भेटायला आले तेव्हा सारा किती, हा विषयसुद्धा निघाला नाही.

माझी एक भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, आमच्याकडेही असंच आहे, फक्त दरवर्षी परीक्षा असते." तिकडे घरजमिनीचा वार्षिक कर फार मोठा असतो. तो शेतीच्या दराने बसावा म्हणून न्यू जर्सीने १९६४ साली कायदा केला. किमान पाच एकर जमीन हवी. आधीची दोन वर्षं ती शेतीत असली पाहिजे. पहिल्या पाच एकरांवर वर्षाला किमान १००० डॉलरचा माल विकलेला पाहिजे. पूर्वी ही अट ५०० डॉलरची होती. अर्ज दरवर्षी नव्याने करायचा, आणि राहत्या घराखालची जागा शेतीत धरायची नाही. जमीन शेतीतून काढली, तर तीन वर्षांपर्यंतचा कराचा फरक वसूल होतो. तिकडेही काही श्रीमंत लोक बंगल्याभोवती थोडं गवत आणि चार मेंढ्या ठेवून शेतकरी होतात म्हणे. माणूस इथूनतिथून सारखाच!

मला त्यातली एक गोष्ट पटली. त्यांचा कायदा दरवर्षी विचारतो, यंदा काय पिकवलंस? आपल्याकडे हा प्रश्न पीक पाहणी विचारते. आपण तिला किरकोळ समजतो, कारण आपला सारा किरकोळ आहे. पण आपल्याकडे साऱ्यापेक्षा फार मोठ्या गोष्टी त्या नोंदीवर उभ्या आहेत. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे मुळात शेतकरी असणं हीच एक मिळकत आहे. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाने भात देणं, या सगळ्यांना सातबारा लागतो, आणि त्यात पिकाचा रकाना पाहिला जातो.

इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायला संकोच वाटतो, पण तीच सांगण्यासाठी आज मी इथे बसलो आहे.

आमची खालापूर तालुक्यात अडीच एकर खाचरं आहेत. मी नोकरीत, धाकटा भाऊ शेतात, अशी आमची वाटणी होती. भाऊ गेल्यावर भावजयीने शेत सोडलं नाही. राब भाजणं, चिखलणी, लावणी, बेणणी, सगळं तिने चालू ठेवलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करायची. भावजयीचा फोन साधा, बटणांचा. मला वाटलं, पुतण्या करील. पुतण्या कारखान्यात पाळीवर जाणारा, त्याला वाटलं, काका एवढे तलाठी होते, ते करतील. मुदत निघून गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी करणाऱ्या माणसाच्या घरच्या शेताचा रकाना कोरा राहिला.

त्याच वर्षी कापणीच्या तोंडावर पाऊस आला. उभं भात आडवं झालं, कापलेल्या कडप्यांना मोड आले. पंचनाम्याच्या वेळी सातबारा निघाला, त्यात पीक नाही. जे थोडं भात हाताला लागलं ते खरेदी केंद्रावर न्यायचं, तर तिथेही पिकाच्या नोंदीचा सातबारा हवा. शेवटी ते व्यापाऱ्याला देईल त्या भावाने घातलं. भावजय मला म्हणाली, "भाऊजी, चिखल मी तुडवला, आवण मी लावलं, आणि कागद म्हणतो शेतात काही नव्हतंच?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणा कचेरीला दोष द्यावा तर चूक आमची होती. खरं सांगायचं तर माझीच होती.

तेव्हापासून मला आमच्या तालुक्यांत दोन तऱ्हेची शेतं दिसू लागली आहेत. काही शेतांत कागदावर भात आहे आणि जमिनीवर हिरवळीचं लॉन आहे. काही शेतांत जमिनीवर भात आहे आणि कागदावर पड आहे. पहिल्या शेताचा मालक कधी ना कधी अडचणीत येतो, पण त्याला वकील करता येतो. दुसऱ्या शेतात बहुतेक वेळा एखादी विधवा असते, म्हातारं जोडपं असतं, किंवा दुसऱ्याची जमीन वर्षानुवर्षं कसणारं ठाकूर नाहीतर कातकरी कुटुंब असतं. मालकाशिवाय दुसरं कुणी जमीन कसत असेल तर त्यासाठी नमुना १४ आहे. पण १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून, जेव्हा कसेल त्याची जमीन हे तत्त्व अमलात आलं, मालकांच्या मनात अशा नोंदीची धास्ती बसली ती बसली. कसणाऱ्याचं नाव लागू नये म्हणून नोंदच टाळायची, ही खोड जुनी आहे. त्यात कसणारा तर भरडला जातोच, पण मालकाच्या जमिनीचाही खरा इतिहास कागदावर उरत नाही.

म्हणून चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली, वर्षातून एकदा आपला सातबारा आणि आठ-अ काढून वाचा. नुसतं नाव पाहू नका. पिकाचा रकाना पाहा, इतर अधिकारांचा रकाना पाहा, क्षेत्र आणि आकार जुळतो का पाहा.

दुसरी, हंगामाच्या मुदतीत पिकाची नोंद करा. घरात ज्याच्याकडे चांगला फोन आहे त्याच्यावर हे काम नाव घेऊन सोपवा. शेजारच्या आजीच्या खाचराचीही नोंद त्याच फेरीत करून द्या. बांधावर नाचणी, वरी, तूर असेल तर तीही लिहा. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्यांनी दुसऱ्या हंगामाची नोंद विसरू नये.

तिसरी, बाहेरून येऊन जमीन घेणाऱ्यांसाठी. शेतीच्या दराचा सारा हवा असेल तर शेती करा. स्वतः जमत नसेल तर गावच्या माणसांना बरोबर घेऊन, रीतसर नोंद करून करा. घर बांधायचं, पाहुणे ठेवायचे, तर त्या वापराची परवानगी घ्या आणि त्याचा कर भरा. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. पण त्यातही आधी कृषी आहे आणि मग पर्यटन.

चौथी गोष्ट माझ्या जुन्या खात्यातल्या तरुण मित्रांसाठी. नोंदीच्या यादीत पड दिसलेल्या शेतावर एकदा पायी जाऊन या. तिथे कदाचित कुणी गुडघाभर चिखलात उभं असेल.

यंदा आमच्या शेतात कर्जत-३ हे भात लावलं. लोंबी भरत आली तेव्हा मी आणि भावजय बांधावर गेलो. फोटो काढताना ती म्हणाली, "थांबा भाऊजी, पदर नीट करते." मी म्हटलं, "अगं, फोटो भाताचा काढायचाय." ती म्हणाली, "असू दे. मागे मी दिसू दे."

मी तिला फोटोत घेतलं. नोंद झाली. सारा भरून पावती आणली, ती आता तिच्याच डब्यात असते.